पॉइंट आठच्या आत

टेबलावर एक ब्युरेट होती, मापाच्या खुणांची, खाली तोटी असलेली काचेची नळी, स्टँडला उभी अडकवलेली. चार शंकूपात्रं होती, त्यांतल्या एकाच्या काठाचा टवका उडालेला. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा एक तराजू. कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाची एक बाटली, बूच घट्ट. अर्धा लिटर अल्कोहोल. फिनॉल्फ्थॅलीनची छोटी कुपी. गरम पाण्याचं पातेलं, खाली स्टोव्ह. आणि काठोकाठ तेल भरलेली एक काचेची बाटली, जी सालहा मावशीने घरून इथवर छातीशी धरून आणली होती. खोलीत सात बायका होत्या, पुरुष दोन आणि खुर्च्याही दोनच.

खोली सी बेशीरच्या (सी म्हणजे आमच्याकडचं 'राव') तेलघाण्याची होती, वजनकाट्याची. भिंतीपलीकडे यंत्र धडधडत होतं आणि बोललेलं ऐकू जावं म्हणून सगळे ओरडूनच बोलत होते. तसंही आमच्या गावात कोणी हळू बोलत नाही.

"हे काय, तेलाला सलाईन लावतेस?" जन्नात म्हणाली. ती मावशीची शेजारीण.

"लावू दे. आजारी असेल तर कळेल," सी बेशीर दारातून म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे बघितलंही नाही, ती मला म्हणाली, "विदाद, तू सुरू कर. यांचं तोंड घाण्यासारखं आहे, हंगामभर बंद होत नाही."

सालहा मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. या महिन्याभरात तिने गावाशी जे भांडण मांडलं होतं, त्याचा निकाल त्या बाटलीत होता. आमच्याकडे ऑलिव्ह तोडायचे, पोत्यांत भरायचे, सी बेशीरच्या अंगणात ढीग लावायचा आणि आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, ही रीत. ढिगात ऑलिव्ह गरम होतात, आंबतात. मग सी बेशीर तेलात बोट बुडवून चाटणार, तोंड वाकडं करणार आणि म्हणणार, "दिव्याचं तेल." आणि ते तेल त्यांच्या मोठ्या टाकीत जाणार, ना गावाचं नाव ना बाईचं.

यंदा मावशीने सहा जणींना पटवलं. ऑलिव्ह हिरवे असतानाच तोडायचे, काठीने झोडपायचे नाहीत, बोटांत शेळीच्या शिंगांची टोपणं घालून ओरबाडून काढायचे आणि त्याच दिवशी घाण्यात घालायचे. हिरव्या फळाला तेल कमी सुटतं. त्यावरून सात घरांत सात भांडणं झाली. जन्नातच्या नवऱ्याने तर चार दिवस अबोला धरला. ("फार बरे गेले ते चार दिवस," असं जन्नातचं म्हणणं.)

घरापुरतं वेगळं काढून सगळ्यांचं मिळून एकशे ऐंशी लिटर तेल उरलं. एक मोठं स्टीलचं पिंप. ते बाहेर अंगणात उभं होतं, झाकणाला मेणाची मोहोर लावून, आणि त्याच्या शेजारी अनीसचा छोटा ट्रक. अनीस ट्युनिसच्या एका तेल बाटल्यांत भरणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याने साधी अट घातली होती. तेलाची आम्लता शून्य पॉइंट आठ टक्क्यांच्या आत असेल तर ते पहिल्या दर्जाचं. तो पिंप नेईल, बाटलीवर गावाचं नाव पडेल आणि पुढच्या तोडणीचं तेलही तेच घेतील. पॉइंट आठच्या वर गेलं तर तो रिकामा परत जाईल, तेल सी बेशीरच्या टाकीत जाईल आणि सालहा मावशीचं या गावात पुन्हा कोणी ऐकणार नाही. यातलं शेवटचं अनीसने सांगितलं नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"आमची लॅब तिकडे पुन्हा मोजेलच," अनीस म्हणाला. "पण इथेच कळलं तर माझं डिझेल वाचेल."

मी वीस ग्रॅम तेल शंकूपात्रात मोजून घेतलं. गरम अल्कोहोल ओतलं, त्यात आधीच असलेलं आम्ल मारून घेतलं होतं, नाहीतर त्याचं पाप तेलाच्या माथी आलं असतं. मग रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे चार थेंब टाकले. पात्रातलं सगळं पिवळट-हिरवं, काही विशेष नाही.

"आता बघा. तेल बिघडायला लागलं की त्यातून आम्ल सुटं होतं. ते किती सुटलंय ते मोजायचंय. ब्युरेटमध्ये सोडा आहे, आम्लारी. आम्ल आणि आम्लारी भेटले की दोघंही आपापला स्वभाव सोडतात. एकाचा आंबटपणा जातो, दुसऱ्याचा दाह जातो. मागे उरतं पाणी आणि एक क्षार."

"क्षार म्हणजे मीठ?" मावशीने विचारलं.

"मिठाच्याच कुळातला. मीठही असंच बनतं, फक्त त्याचं आम्ल वेगळं."

"मग हे ऑलिव्ह खारवायला चालेल का?" जन्नात.

"फेस येईल तोंडाला. हा क्षार म्हणजे साबण आहे."

सगळ्या एकदम हसायला लागल्या. "अगं मग हे तर आम्ही दर वसंतात परसात करतो!" जन्नात म्हणाली. "खराब तेल, सोडा, आणि ढवळ ढवळ ढवळ. यासाठी तुला विद्यापीठात पाठवलं?"

"तेच ते. तुम्ही कढईत करता, मी थेंबात करते. आणि मला साबण नकोय. तो बनवायला सोडा किती लागला एवढंच हवंय."

माझ्यासाठी ही गोष्ट शिकल्यापासून आजवर जुनी झालेली नाही. एक जाळणारं, एक आंबणारं, दोन्हीही नजरेला न दिसणारी, आणि ती नेमकी कुठे संपतात हे एका थेंबावर कळतं.

"पण कळणार कसं?"

"गुलाबी रंगावरून. सोड्याचा थेंब पडला की गुलाबी ठिणगी उडेल आणि विझेल. आम्ल शिल्लक आहे तोवर विझत राहील. आम्ल संपलं की रंग टिकेल. रंग टिकला की मी तोटी बंद करणार."

हिशेब मी आधीच करून ठेवला होता. वीस ग्रॅम तेल, या ताकदीचा सोडा. जितके मिलिलिटर लागतील त्यांना ०.१४१ने गुणायचं, की टक्के. म्हणजे पॉइंट आठची सीमा जवळजवळ ५.७ मिलिलिटरवर. जन्नातच्या शालीचा लाल लोकरीचा धागा ओढून घेऊन तो ब्युरेटवर ५.७च्या खुणेला बांधला. "सोडा वरून खाली उतरत जाईल. धाग्यापर्यंत यायच्या आत रंग टिकला तर आपण जिंकलो."

आता सगळ्यांना खेळ समजला. सी बेशीरसुद्धा दार सोडून आत आले.

तोटी उघडली. पहिला थेंब पडला, गुलाबी झाला आणि नाहीसा झाला. "गेला!" दुसरा, तिसरा. पात्र हातात गोल फिरवत मी थेंब सोडत राहिले. एक मिलिलिटर. दोन. "टिकला, टिकला!" "नाही गं, गेला." तीन. चार. बायका ब्युरेटपाशी एवढ्या वाकल्या होत्या की त्यांचे श्वास माझ्या गालाला लागत होते. पाच. "आता टिकेल," मावशी म्हणाली. साडेपाच. गुलाबी झाला, विझला.

सोडा धाग्याच्या खाली उतरला.

मी थांबू शकत नव्हते, मोजमाप अर्धं सोडता येत नाही. सहा. सात. आठ. ८.६वर रंग टिकला. सुंदर फिकट गुलाबी, आणि पात्र हलवलं तर वर खराच साबणाचा फेस.

"एक पॉइंट एकवीस," मी म्हणाले.

"दिवा लावा," सी बेशीर म्हणाले.

मावशीचा चेहरा मी पाहिला आणि लगेच नजर फिरवली. "पुन्हा कर," ती म्हणाली. मी पुन्हा केलं. ८.५ आलं. एक पॉइंट वीस. दोन्ही आकडे एकमेकांना धरून होते, म्हणजे माझा हात चुकला नव्हता.

अनीसने चहाचा ग्लास खाली ठेवला. "वाईट वाटतं, खाला. पण मी—"

"बस तू. ग्लासात अजून चहा आहे," मावशी म्हणाली. "विदाद, तुझा सोडा बरोबर आहे?"

प्रश्न अगदी योग्य होता आणि मलाही तोच पडला होता. सोड्याची बाटली उघडी राहिली तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो. तिथेही एक क्षारच बनतो आणि सोड्याची ताकद उतरते. मग तोच पल्ला गाठायला तो जास्त लागतो आणि चांगलं तेलही वाईट ठरतं. मी वजन करून आणलेलं शुद्ध आम्ल पाण्यात विरघळवलं आणि त्याच्यासमोर सोड्याला उभं केलं. हिशेबाने जेवढा लागायला हवा तेवढाच लागला, एका थेंबाच्या आत.

"सोडा खरा आहे," मी म्हणाले.

"सोडा खरा, तराजू खरा, पोरगी शिकलेली," सी बेशीर बोटांवर मोजत म्हणाले. "आता कोण राहिलं?"

"सी बेशीर, तुमच्या मिशीला तेल लागलंय, पुसा," जन्नात म्हणाली. पण तिच्या आवाजात दम नव्हता.

मी बाटलीतलं तेल झाकणात ओतून प्यायले. चांगलं लागलं. मऊ, गोडसर, शेवटी जुन्या अक्रोडासारखा वास. आणि तिथेच मी अडले. हे तेल घाण्याच्या तोटीतून पडत होतं तेव्हा मी रोटीचा तुकडा त्याच्याखाली धरून खाल्ला होता. इतकं तिखट होतं की मला दोनदा ठसका लागला होता आणि मावशी पाठीवर थापट्या मारत आनंदाने ओरडली होती, "लागला, ठसका लागला!" ताजं तेल घशाला असंच झोंबतं; या बाटलीतल्या तेलाने काहीच केलं नाही.

"मावशी, हे तेल कुठून भरलंस?"

"कुठून म्हणजे? घरून. प्रत्येकीने पाच पाच लिटर घरी नेलं ना. पिंपाला मोहोर लावलेली, ते कशाला उघडू? माझ्या रांजणातून भरलं."

"रांजणात आधी काय होतं?"

"तेल."

"कसलं तेल?"

"गेल्या वर्षीचं! मग काय रिकाम्या रांजणात नवं तेल ओतू? तुझ्या आईने काही शिकवलंच नाही का तुला? तळाशी चार बोटं जुनं ठेवायचं, त्याच्यावर नवं. घरात बरकत राहते."

"आणि गेल्या वर्षीच्या तेलाखाली?"

"त्याच्या आधीच्या वर्षीचं."

"मावशी, हा रांजण शेवटचा रिकामा कधी झाला होता?"

ती विचारात पडली. "माझ्या लग्नात सासूने दिला तेव्हा भरलेलाच होता," ती म्हणाली.

मी ओरडलेच. मला वाटतं मी तिचे दोन्ही खांदे धरले. "म्हणजे मी तुझ्या सासूचं तेल मोजलं! तुझं नाही! तळाचं आम्ल वर्षानुवर्षं साठत आलंय, तेच आज माझा सोडा खाऊन बसलं. तुझं तेल बाहेर आहे, पिंपात! काढा ती मोहोर!"

जन्नातने एक उंच ललकारी दिली. अनीस उठला. दोघी तर दाराबाहेर पडल्यासुद्धा. मावशी मात्र जागेवरून हलली नाही, आणि तिच्याकडे बघून मीही थांबले.

"काय झालं?"

"पिंप नवं होतं," ती म्हणाली. "कोरं. रिकामं."

"मग?"

"रिकाम्या भांड्यात कसं ओतायचं? तोटी सुरू व्हायच्या आधी मी घरी जाऊन एक लोटा आणला होता. रांजणातला. तळाला ओतला."

"एक लोटा? म्हणजे एक लिटर? एकशे ऐंशीत एक लिटर, मावशी, काही होत नाही त्याने!"

आता जन्नात गप्प झाली होती. जन्नात गप्प होणं ही गावात नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

"तूही?" मावशीने विचारलं.

"मला काय माहीत तू घातलंस ते! मी बघितलं तर पिंप अंधारं, तळ दिसत नाही. म्हटलं सालहाच्या डोक्यात नवीन नवीन खूळ आहे, ही विसरली असणार. मी आपला एक लोटा घातला."

"मी पण," दारातून एकजण म्हणाली. मग दुसरी. सातही जणींनी घातलं होतं. प्रत्येकीने गुपचूप, बाकीच्या विसरल्या असतील म्हणून. आणि सगळ्यात वयस्कर झोहराबाई, ज्या आतापर्यंत एका खुर्चीवर बसून सगळं ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "माझ्याकडे लोटा नाही गं. माझी कासंडी आहे. तीन लिटरची."

सी बेशीर इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "अल्लाह! एवढी बरकत ट्युनिसला पाठवताय, गावाला थोडी ठेवा!"

मी खडूने काट्याच्या पाटीवर हिशेब मांडला. सहा लोटे आणि एक कासंडी, नऊ लिटर. एकशे एकोणनव्वदात नऊ, म्हणजे जवळपास पाच टक्के जुनं. पण जुन्याची आम्लता किती? सात रांजण, सात वयांचे. सरासरी चार टक्के असेल तर नव्यात जेमतेम पॉइंट दोनची भर पडेल. दहा असेल तर पॉइंट पाचची. नवं तेल स्वतः किती, तेही कोणी मोजलेलं नव्हतं. हिशेबाची दोन्ही टोकं हवेत होती. पॉइंट आठच्या आतही येत होतं, बाहेरही जात होतं.

"ऐका," जन्नातने आवाज खाली आणला, म्हणजे अंगणातल्या कोंबड्यांना ऐकू जाणार नाही एवढा. "जुनं तळाला आहे ना? मग वरचं काढायचं नमुन्याला. अगदी अलगद. ढवळायचं नाही."

अनीस छताकडे बघू लागला. नमुना कसा काढायचा ते माझ्यावर होतं, पण मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलली.

"आणि ट्युनिसला जाईपर्यंत ट्रकमध्ये काय, पिंप झोपून राहणार आहे? ढवळून तिकडे पोचणार. मग ते म्हणणार, त्या गावच्या बायका वरचं दाखवतात आणि खालचं विकतात." तिने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. "चला. आडवं पाडा पिंप."

सात बायकांनी पिंप आडवं केलं, झाकण दाबून बांधलं आणि अंगणात लोळवायला सुरुवात केली. कुंपणाच्या भिंतीपर्यंत नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. झोहराबाई काठी टेकत बाजूने चालत होत्या आणि "सरळ, सरळ!" म्हणून हुकूम सोडत होत्या. घाण्यातली माणसं काम टाकून बाहेर आली. सी बेशीर ओरडले, "फरशी फोडाल माझी!" आणि मग स्वतःच वळणावर हात लावायला पुढे झाले. अनीस पिंपासमोर उलटा चालत ट्रक वाचवत होता. आत तेल घुसळल्याचा आवाज येत होता, जड, गच्च.

"पुरे?" धापा टाकत मावशीने विचारलं.

"अजून दोन फेऱ्या," मी म्हणाले. त्यांनी तीन मारल्या.

पिंप उभं केलं, मोहोर फोडली. लांब काचेच्या नळीने मी तळातून, मधून आणि वरून तेल घेतलं, एकत्र केलं. आधी जिभेवर टाकलं. ठसका लागला. एकच, पण लागला. जन्नात नाचायलाच लागली. "ठसक्याला टक्के नसतात, थांब," मी म्हणाले, पण वीस ग्रॅम मोजायला मलाही दोन प्रयत्न लागले.

ब्युरेट शून्यापर्यंत भरली. धागा ५.७वर तसाच होता. या वेळी मी पात्र फिरवायला घेतलं आणि तोटी मावशीच्या हातात दिली.

"मी?"

"हळू. एक एक थेंब. मी म्हणेन तेव्हा बंद."

अंडं भरलेल्या ब्रिकची नाजूक पारी तळणीच्या तेलात सोडताना तिची बोटं असतात तशी ती तोटीवर होती, घट्टही नाही, ढिलीही नाही. पहिला थेंब पडला. गुलाबी. विझला.

"एक," जन्नात मिलिलिटर मोजू लागली. यंत्र कोणीतरी बंद केलं होतं, त्यामुळे ती ओरडली ते सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. खिडकीत डोकी होती. दीड. दोन. ठिणगी उडत होती आणि विझत होती, पण आता विझायला वेळ घेत होती, पात्राला अर्धा फेरा जास्त लागत होता.

"मावशी, आणखी हळू."

"याहून हळू मला येत नाही."

अडीच. तीन. थेंब पडला, पसरला, सगळं पात्र क्षणभर गुलाबी झालं आणि परत पिवळट-हिरवं. "विझलं," कोणीतरी कुजबुजलं. झोहराबाईंनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. सी बेशीर धाग्याकडे बघत होते आणि बहुतेक त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं की तेही श्वास रोखून उभे आहेत. आणखी एक थेंब. विझला. आणखी एक. तो विझायला इतका वेळ लागला की मी मनात दहापर्यंत मोजलं.

"अर्धा थेंब," मी म्हणाले. "तोटीच्या टोकाला लटकू दे. मी काचेला लावून घेते."

मावशीने तोटी केसाएवढी फिरवली. टोकाला थेंब फुगला. मी पात्राची कड त्याला लावली, पाण्याने धुवून आत घेतला, फिरवलं. गुलाबी. फिरवत राहिले. गुलाबीच. पात्र पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि सगळी डोकी त्याच्यावर आली.

"आता विझेल," सी बेशीर म्हणाले.

मी तीस सेकंद थांबले, पुस्तकात सांगितलंय तेवढे. मग वाकून, डोळा द्रावणाच्या पातळीत आणून, ब्युरेटवरची खूण वाचली. ३.४ मिलिलिटर. पाटीवरचा जुना हिशेब बाहीने पुसला आणि खडूने गुणाकार लिहिला.

०.४८ टक्के.